एकतिसावा खांब

खांबवाल्यांना आपल्या खांबांचा अभिमान होता, आणि तो लपवून ठेवण्याइतके ते विनयशील नव्हते. "माझा खांब एक वेळ वाकेल, पण दगा देणार नाही," हे वाक्य ते फोनवर सुरू करत तेव्हा त्यांची बायको आतल्या खोलीतून ते पुरं करून टाकी.

धंदा साधा होता. लोक घराच्या दारापुढे गाडी लावतात आणि चोर ती तिथूनच नेतात. हल्लीच्या चोरांकडे किल्लीशिवाय गाडी चालू करायची यंत्रं असतात. घरातली माणसं जेवून हात धुवेपर्यंत गाडी कुठल्या कुठे गेलेली असते. म्हणून दारापुढची फरशी जिथे रस्त्याला मिळते तिथे खांबवाले खड्डा खणत, काँक्रीट ओतत आणि गुडघ्याच्या वर येणारा एक लोखंडी खांब बसवत. बुडाशी बिजागरी, बाजूला कुलूप. किल्ली फिरवली की खांब आडवा पडे आणि गाडी त्याच्यावरून बाहेर जाई. परत उभा करून दाबला की गाडीवाल्याचा बापही त्याला हलवू शकत नसे. एवढंच, की उभा करायची आठवण हवी.

फिजिओबाईंची गाडी गेली ती भर दुपारी. या बाई घरोघर जाऊन आजाऱ्यांचे अवघडलेले हातपाय मोकळे करत. एक वाजता घरी आल्या, जेवल्या, चार वाजता पुढच्या पेशंटकडे निघाल्या तर दारापुढे नुसती फरशी. खांब आडवा पडलेला. घरच्यांनी आधी पोलिसांना बोलावलं आणि मग खांबवाल्यांना.

खांबवाले गुडघ्यांवर बसले, कुलपात टॉर्च मारला, बिजागरीवरून बोट फिरवलं. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. ते उठले, गुडघे झटकले आणि बाईंचा नवरा, सासरे आणि पोलीस या तिघांच्या देखत म्हणाले, "खांब कुणी तोडलेला नाही. उभाच केला नसणार."

"मी केला होता," बाई म्हणाल्या.

"ताई, होतं असं. माणूस म्हटलं की विसरणं आलंच."

आपण बाईंची समजूत काढतोय असंच त्यांना वाटत होतं. पोलिसांनी मागितलं तसं त्यांनी कागदावर लिहूनही दिलं, की कुलूप शाबूत आहे. आणि पुढचे काही दिवस नवं गिऱ्हाईक आलं की ते ही गोष्ट सांगत. "नुसता खांब बसवून भागत नाही हो. एका बाईंनी उभाच केला नाही, गेली गाडी!" गिऱ्हाईक चुकचुके, खांबवालेही चुकचुकत.

पुढे महिन्याभरानं ते हेडमास्तरांकडे गेले. हेडमास्तरांना निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, पण समोरच्याला उभं करून प्रश्न विचारायची खोड गेली नव्हती. त्यांचा खांब कुरकुरत होता, तेल घालायचं होतं. मास्तर किल्ली शोधायला आत गेले आणि आतच राहिले. खांबवाल्यांना ताटकळत बसायची सवय नव्हती. त्यांनी सवयीनं खिशातली किल्ली काढली, लावली, फिरवली. खांब आडवा झाला. त्यांनी बिजागरीत तेल सोडलं, खांब उभा केला, आणि किल्ली परत खिशात टाकताना त्यांच्या ध्यानात आलं की ही तर आपल्या स्वतःच्या दारापुढच्या खांबाची.

एवढ्यात मास्तर किल्ली घेऊन आले. खांबवाल्यांनी ती मागून घेतली आणि दोन्ही किल्ल्या एकमेकींवर ठेवून उजेडाकडे धरल्या. कोरलेले नंबर वेगळे होते. दाते एकसारखे होते, एका केसाचा फरक नव्हता.

"काय बघताय?" मास्तरांनी विचारलं.

"गंज," खांबवाले म्हणाले.

घरी येऊन त्यांनी माळ्यावरचे उरलेले चार खांब काढले. एका किल्लीनं चारही उघडले. हा माल त्यांनी वर्षापूर्वी नव्या व्यापाऱ्याकडून उचलला होता. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "या भावात वेगवेगळी कुलपं कुठून येणार, शेठ? नंबर तर वेगळे टाकून दिलेत ना!"

त्या मालातले एकतीस खांब त्यांनी एकतीस घरांपुढे रोवले होते. म्हणजे प्रत्येक घराकडे बाकीच्या तीस घरांची किल्ली होती. शिवाय त्याच व्यापाऱ्याकडून कुणी एखादा खांब घेतला असेल तर त्याच्याकडेही होती, मग तो चोर का असेना. खांबवाल्यांच्या मनात आधी आला तो धंदा, आपलं नाव, लोक काय म्हणतील ते. फिजिओबाई आठवल्या त्या नंतर. क्रम हाच होता, तो झाकण्यात अर्थ नाही. पण आठवल्यावर त्या जाईनात.

बायकोला सगळं सांगितलं. ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"हे बघा, गावभर बोंब मारायची काही गरज नाही," ती म्हणाली. "वार्षिक तपासणी आहे म्हणून जा, कुलूप बदला आणि मुकाट्यानं घरी या."

"आणि फिजिओबाई?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून त्यांची गाडी परत येणार आहे का?"

हे ऐकून खांबवाल्यांना बरंच वाटलं.

दुसऱ्या एका कारखान्यातून त्यांनी नवी कुलपं आणली. आता अक्कल आली होती, त्यामुळे प्रत्येक किल्ली बाकीच्या तीस कुलपांत घालून पाहिली. मग रोज दोन घरं, तीन घरं असं सुरू झालं. जिथे जावं तिथे कौतुक. "फुकट बदलून देताय? हल्ली एवढं कोण करतं हो!" कुणी चहा पाजला, कुणी शेजाऱ्याला बोलावून ओळख करून दिली. एका घरात तर चहाचा कप हातात देत यजमानीण म्हणाली, "आम्ही मात्र आठवणीनं उभा करतो हं. त्या विसरभोळ्या बाईसारखं नाही आमचं." ही गोष्ट तिच्यापर्यंत कुणी पोचवली हे खांबवाल्यांना विचारावं लागलं नाही. त्यांनी कप तसाच खाली ठेवला.

तीस घरं झाली. एकतिसाव्या घराकडे ते सकाळी अकराला गेले. त्या वेळी तिथे कुणी नसावं आणि चिठ्ठी टाकून परतावं, असा त्यांचा मनातला बेत होता. पण सुट्टीचा दिवस होता आणि सगळे घरी होते. रिकाम्या फरशीपुढे खांब ताठ उभा होता.

सासऱ्यांनी दार उघडलं. "गाडीच नाही तर कुलूप कशाला बदलताय मिस्त्री?"

"कुलूप बदलून काय होणार बाबा," मागून नवरा हसत म्हणाला, "माणूस बदलायला हवं." हे या घरात आधीही पुष्कळदा म्हणून झालं असावं, कारण बाई बाहेर आल्या त्या ऐकलंच नाही अशा.

"गॅस बंद केलास?" नवऱ्यानं विचारलं.

"केला."

तरीही तो आत गेला. बटण फिरवून पाहिल्याचा आवाज बाहेर आला.

बाई वाळल्या होत्या. पेशंटना लावायच्या मशीनची जड पिशवी आता त्या खांद्यावर घेऊन बसनं हिंडत, लांबचे पेशंट त्यांनी सोडून दिले होते. खांबवाल्यांनी खाली बसून हत्यारं मांडली. बाई जवळ आल्या.

"दादा, त्या दिवशी मी तुमचं बोलणं तोंडावर खोडून काढलं. राग मानू नका."

"छे छे, राग कसला."

"कितीतरी दिवस मी हेका धरला होता, मी उभा केला म्हणून. मग हळूहळू आठवलं. पिशवी खांद्यावर होती, मशीन हातात होतं, तेवढ्यात आईचा फोन वाजला. म्हटलं, बोलून येते आणि मग उभा करते. तशीच आत गेले. आता तर डोळ्यांसमोर दिसतं मला, खांब आडवा आणि मी फोन कानाला लावून पायऱ्या चढतेय." त्या कसनुसं हसल्या. "बाबांची माफी मागितली. गाडी त्यांनीच दिली होती ना मला. कबूल केल्यापासून घर जरा शांत आहे."

खांबवाल्यांच्या हातात पेचकस होता. चार स्क्रू, दहा मिनिटांचं काम. स्क्रू फिरवावेत, नवी किल्ली हातात द्यावी आणि निघावं. घर शांत आहे असं बाईच म्हणत होत्या. पण त्यांना स्वतःची अशी काही लाज वाटली की मान वर करवेना. हा खोटा प्रसंग या बाईंच्या डोक्यात आपण घातला, आणि त्यांनी तो पिशवीसकट, फोनसकट खरा करून घेतला.

"ताई, घरच्यांना बोलवा," ते म्हणाले.

दोघे बाहेर आले. खांबवाल्यांनी खिशातून किल्ली काढली. "ही माझ्या घरच्या खांबाची," त्यांनी सांगितलं, आणि ती कुलपात घालून फिरवली. खांब आडवा झाला. मग त्यांनी सगळं सांगितलं. नव्या व्यापाऱ्याचा माल, सारखे दाते, तपासणीचं नाटक, काहीच हातचं राखलं नाही. "त्या दिवशी मी नुसतं कुलूप बघितलं आणि ठोकून दिलं. ताई म्हणत होत्या ते मी ऐकलंच नाही. पोलिसांकडे जाऊन आज मी हे लिहून देतो."

"म्हणजे?" सासऱ्यांचा आवाज चिरकला. "उभा होता की नव्हता?"

बाईंनी फोन काढला होता आणि अंगठ्यानं जुने कॉल मागे मागे सरकवत होत्या. बराच वेळ लागला. मग अंगठा थांबला. त्यांनी त्या तारखेचे कॉल वरून खाली वाचले, परत खालून वर वाचले.

"त्या दुपारी आईचा फोन आलाच नव्हता," त्या म्हणाल्या.

नवरा एक पाऊल पुढे आला. "अगं..."

बाई फरशीवर बसल्या. त्यांनी तिघांकडे पाहिलं, आधी नवऱ्याकडे, मग सासऱ्यांकडे, मग खांबवाल्यांकडे. चेहऱ्यावर सुटका नव्हती, राग नव्हता, निव्वळ भीती होती.

"मग मला दिसतंय ते कुठून आलं?"

कुठून आलं ते तिघांनाही ठाऊक होतं.