ओली भिंत

चिमणीने थापीवर उरलेला चिखल बोटाने निपटला आणि चौकटीशी राहिलेल्या फटीत दाबून बसवला. भिंत संपली. वाचनालयातल्या मुलांच्या खोलीला मातीचा गिलावा करायचं हे काम मिळालं होतं आत्याला; पण आत्याच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि ते भाचीवर येऊन पडलं.

अंगाने बारीक, म्हणून घरात तिला चिमणी म्हणत. ती चाळलेल्या मातीत भुसा घालून पायाने तुडवायला लागली, तेव्हा शेजारच्या खोलीतले गवंडी हसले होते.

"चिमणी घरटं बांधतेय."

तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण पहिला थर वाळता वाळता भेगाळला, तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"जाऊ दे पोरी, सिमेंट मारून टाकू," एक गवंडी म्हणाला, तेही जरा मायेनेच. तिने सगळा थर खरवडला, चिखलात रेती वाढवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

आता आत्या काठी टेकत आली होती. तिने कुणाच्या कामाला बरं म्हटल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं. गाल टेकेल इतकी जवळ जाऊन तिने तिरक्या उजेडात भिंत न्याहाळली. कोपरे पाहिले, कडा पाहिल्या.

"खिडकीपाशी पाणी जास्त झालंय."

"हो."

"वाळेल."

तेवढ्यात ग्रंथपाल बाई आत आल्या. काम सोपवून त्या रजेवर गेल्या होत्या, त्या आजच परतल्या. भिंतीपुढे त्या नुसत्या उभ्याच राहिल्या.

"आत्याबाई, काय सुरेख झालीय हो. हा हात तुमचाच, कुणीही सांगेल."

चिमणीने मान खाली घालून घमेलं उचललं.

"मी या खोलीत आज पहिल्यांदा पाऊल टाकतेय," आत्या म्हणाली. "पुढच्या खोलीचं काय ते हिच्याशी बोला."

बाई चिमणीकडे वळल्या. दारात आलेले गवंडी वाट देत बाजूला सरकले.

"आत्या, थांब, घरी पोचवते."

"काम टाकून? मी जाईन सावकाश."

चिमणी खिडकीशी जाऊन बादलीत हात धुऊ लागली. बाहेर काठीचा आवाज थोडा लांब गेला आणि थांबला. आत्याने रस्त्यातल्या कुणाला तरी अडवलं होतं.

"आमच्या चिमणीचं काम आहे. आत जाऊन बघून ये. ओली आहे, हात लावू नकोस."