नानांच्या मडक्यातलं बी

नाना वैशाखात गेले आणि आषाढात अभिमन नावाचा माणूस बी मागायला आला. सारिकाला तो पहिल्याच नजरेत आवडला नाही.

ती नोकरीसाठी पिंप्राळ्यात राहायची, एका लॅबमध्ये रक्त तपासायची. पण दर रविवारी स्कूटर काढून नशिराबादला यायची. नानांचं, म्हणजे चुडामण आजोबांचं, हिरव्या, पांढऱ्या रेघांच्या भरिताच्या वांग्याचं बी त्यांनी घरात एकट्या तिलाच धरायला शिकवलं होतं. कोणतं फळ झाडावर पिवळं होऊ द्यायचं, बी धुऊन सावलीत किती दिवस वाळवायचं, राखेत घोळवून मडक्यात कसं भरायचं, सगळं. मगन काका शेत बघायचे, पण मडक्याला हात लावायचे नाहीत.

"मी धुळाकडथून उनू, ताई," अभिमन ओट्यावर बसत म्हणाला. "नानास्नी माले बी देवाना शब्द दिन्हा व्हता."

"कधी? कुठे?"

मग तो अहिराणी सोडून नीट मराठीत बोलू लागला. बोली अशी चटकन बदलली, तेही सारिकाने मनात टिपलं. धुळ्याच्या डोळ्यांच्या शिबिरात नानांची आणि त्याच्या वडिलांची खाट शेजारी शेजारी होती म्हणे.

"शिबिरात मी होते नानांजवळ. तुम्ही दिसला नाहीत."

"तुम्ही पहिल्या दिवशी होत्या. आम्ही दुसऱ्या दिवशी आलो. तेव्हा तुमचे काका होते."

उत्तर तयारच होतं, जरा जास्तच तयार. त्याची नखं शेतकऱ्याच्या मानाने स्वच्छ होती. बोलता बोलता त्याने मडक्याचा फोटो काढला आणि राख कशाची, तेही विचारलं. काका बाजारात गेले होते आणि फोन उचलत नव्हते.

दोन वर्षांपूर्वी असाच एक गोडबोल्या आला होता. नानांनी त्याला ओंजळभर बी दिलं आणि पुढच्या हंगामात ते रंगीत पाकिटात, दुसऱ्याच्याच नावाने विकायला आलं. सारिका चिडली तेव्हा नाना म्हणाले होते, "त्याच्याकडेही वांगंच लागेल ना, बाई? मिरची तर नाही लागणार."

सारिकाला ते हसण्यावारी नेता आलं नव्हतं. ती आत गेली. अंगणात लावायला बाजारातून आणलेलं साधं वांग्याचं बी फडताळात होतं. तिने तेच राखेत घोळवलं, कागदात बांधलं आणि त्याच्या हातावर ठेवलं. अभिमनने पुडी कपाळाला लावली आणि आपल्या गावाचं नाव सांगून गेला.

संध्याकाळी काका आले. तिने विचारल्यावर डोकं खाजवत म्हणाले, "होता खरा शेजारी एक म्हातारा. नाना त्याला घास भरवायचे. मुलगा? असेल बुवा. माझं लक्ष नव्हतं."

यावरून काहीच ठरत नव्हतं. तो लबाड असेल, नसेलही. पण रात्री जेवताना तिला नानांचं एक बोलणं आठवलं. एकदा एका व्यापाऱ्याला नानांनी दारातूनच परत पाठवलं होतं. तेव्हा ते तिला म्हणाले होते, "द्यायचं नसलं तर तोंडावर नाही म्हणावं. पण खोटं बी देऊ नये. पेरणारा सहा महिने वाट पाहतो." तेव्हा ती सहावीत होती. आज तिने दोन्ही केलं होतं. नाही म्हटलं नव्हतं आणि खोटं दिलं होतं.

दोन आठवडे तिने स्वतःला समजावून पाहिलं. तिसऱ्या रविवारी खरं बी पिशवीत घालून तिने धुळ्याची एसटी धरली. द्यायचं की नाही, हे तिथे जाऊन बघू, असं ठरवूनच.

अभिमनचं गाव धुळ्यापासून अर्ध्या तासावर होतं. रस्त्यालगत हिरवी जाळी, खाली ट्रेच्या रांगा आणि वर पाटी. रोपवाटिका! संशय खरा ठरल्याचं क्षणभर तिला बरंच वाटलं.

"रोपं विकता तुम्ही. हे सांगितलं नाहीत."

"नानांना सांगितलं होतं. तुम्ही विचारलं नाही." तो तिला एका रांगेपाशी घेऊन गेला. "ही पाहा तुमची. दोन पानांवर आली."

ट्रेच ट्रे. इवली, तजेलदार रोपं. सारिकाने एका पानाला बोट लावलं.

"ती आमची नाहीत. बाजारातलं बी आहे ते. मी फसवलं तुम्हाला."

अभिमन म्हणाला, "लोकांना सांगून बसलो मी, नशिराबादच्या नानांचं बी आहे म्हणून. चाळीस जणांना." त्याचा आवाज चढला. "मेलेल्या माणसाचं नाव घालवलं असतं तुम्ही. माझं सोडा!"

आतून खाटेवरून आवाज आला. "कोन शे रे?"

"नानांची नात."

"सारिका का?" अभिमनचा म्हातारा बाप उठून बसला. "नाना सांगे, मन्ही नात कोनवर भरोसा ठेवस नही. घरमा एक तरी तशी पाहिजे, म्हने." आणि तो मोकळेपणी हसला.

सारिका हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शिबिरात एका डोळ्याला पट्टी बांधून पडलेले नाना परक्या माणसाला आपल्याबद्दल सांगत होते, हे तिला ठाऊकच नव्हतं.

तिने पिशवीतली पुडी काढली. अभिमनने ती लगेच घेतली नाही. "हे तरी खरं का?"

"खरं आहे. पण तुम्ही का मानावं, ते मला सांगता येणार नाही."

त्याने चिमूटभर बी तळहातावर घेतलं, फुंकर मारून राख उडवली, उन्हात धरून पाहिलं. वांग्याचं बी इथून तिथून सारखंच दिसतं. शेवटी त्याने रिकामा ट्रे पुढे ओढला. दुपारभर दोघं बोटाने खड्डे पाडत, एकेक बी टाकत बसली. निघताना त्याने चहा दिला, पण बसस्टँडवर सोडायला आला नाही.

मार्गशीर्षात त्याचा फोन आला.

"फळं धरली. मोठी, हिरवी, वर पांढऱ्या रेघा."

"रोपं कुणाच्या नावाने विकलीत?" सारिकाने विचारलं.

"या आणि लोकांनाच विचारा," अभिमन म्हणाला. "भाजून ठेवतो दोन."

ती त्याच रविवारी गेली.