जिवंतांचा रकाना

अर्गिरोचं प्रार्थनेत लक्ष लागत नव्हतं. सकाळी घाईघाईत पाद्रीबाबांनी वाचायच्या नावांची चिठ्ठी लिहून तिनं चर्चच्या आतल्या भागात, वेदीकडे पाठवली होती, आणि आता तिला आठवेना, आईचं नाव कुठल्या रकान्यात लिहिलं. डावीकडे जिवंत माणसं, उजवीकडे देवाघरी गेलेली. उजवीकडे बाबा, त्याखाली थोरला भाऊ, आणि मग हात तसाच खाली उतरला होता का?

आई शेजारीच बसली होती. एव्हान्थिया. चाळीस वर्षं सणासुदीला आशीर्वादाचे पाच गोड पाव तिनंच भाजले होते. आता तिला स्वतःची भट्टीही ओळखू येत नव्हती. आज गावातल्या बायकांनी तिच्याच पद्धतीनं दोनशे पाव भाजून आणले होते. ते अंगणात विकून, आठवण हरवलेल्या म्हाताऱ्यांना दिवसभर बसवता येईल अशी एक खोली उघडायची होती. खोलीला नावही तिचंच. पण आधी पाद्रीबाबा पावांवर आशीर्वाद म्हणणार, आणि तेव्हा मोठ्यानं वाचली जाणार ती फक्त जिवंतांची नावं.

चर्चची देखभाल करणारे पानागोसकाका मेणबत्त्या विझवत फिरत होते. अर्गिरोनं त्यांची बाही धरली.

"काका, आत जाऊन माझी चिठ्ठी बघता का जरा?"

"आता? पाव मांडून झालेत."

"आईचं नाव कुठल्या बाजूला आहे, तेवढंच."

काकांचा चेहरा उतरला. बायकांना वेदीपाशी जायची मुभा नव्हती, म्हणून ती खांबाशी उभी राहिली. एकदा हातरुमालाची घडी केली, मोडली, पुन्हा केली. काका परत आले ते दुसरीकडेच बघत.

"पाद्रीबाबांच्या खांद्यावरून पाहिलं. चष्मा नव्हता, पण तुझं अक्षर ओळखू येतं." ते खाकरले. "उजवीकडे आहे, पोरी."

"बदला ना."

"चिठ्ठ्या त्यांच्या हातात गेल्यात. हिसकावून घेऊ का आता?"

अर्गिरो जागेवर येऊन बसली. चूक हाताची, असं म्हणायला तिची जीभ धजेना. आई तर केव्हाच गेली, असं दोन वर्षांत तिनं मनातल्या मनात किती वेळा म्हटलं होतं.

आईनं तिच्या कानाशी तोंड आणलं. "कोण गेलं गं? एवढी माणसं जमलीत ती?"

"कुणी नाही, आई."

"मग सगळे एवढे गप्प का?"

पाद्रीबाबांनी नावं वाचायला घेतली. थिओफानो. लाझारोस. चिठ्ठ्या एकेक करून मागे पडत होत्या. मग अर्गिरोची आली. तिचं स्वतःचं नाव, मुलीचं, जावयाचं. पुढे दुसरी चिठ्ठी.

अर्गिरो उभी राहिली. चर्चमध्ये तिनं आजवर कधी आवाज काढला नव्हता.

"आणि एव्हान्थिया," ती म्हणाली. आवाज कापरा निघाला, म्हणून तिनं पुन्हा म्हटलं. "आणि एव्हान्थिया."

पाद्रीबाबांनी चष्म्यावरून पाहिलं. आधी तिच्याकडे, मग तिच्या आईकडे. "आणि एव्हान्थिया," ते म्हणाले, आणि पुढचं नाव वाचू लागले.

"हळू बोल," आईनं तिची बाही ओढून तिला खाली बसवलं. "माणसं बघतायत."

अंगणात अर्गिरोनं पहिला पाव मोडून त्याचा तुकडा आईच्या हातावर ठेवला. आईनं तो चावला, थांबली, पुन्हा चावला.

"हा कुणी केला?"

"तुझ्या पद्धतीनं केलाय, आई."

"मग लवंग कुठाय?"

पाव भाजणाऱ्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. अर्गिरोनं खुर्ची ओढली आणि ती आईपुढे बसली.

"किती घालायची असते, सांग."

आईनं मूठ वळली, जराशी सैल केली, आणि पुढे धरली.