बादशहाचे बांगडे

शिरोडकरांना गुडगावात घर मिळालं ते एका वाक्याच्या जोरावर. आठ घरमालकांनी 'नॉनव्हेज?' एवढंच विचारून त्यांना वाटेला लावलं होतं. नवव्या घरमालकिणीने, सुमित्राजींनी, तेच विचारलं, तेव्हा पद्माकर घाईने म्हणाला, "हम ब्राह्मण हैं." हे अगदी खरं होतं. सारस्वत ब्राह्मण मासे खातात हे सांगायचं राहून गेलं, आणि सुमित्राजींना पुढे विचारायची गरज वाटली नाही. त्यांनी तिथल्या तिथे किल्ली काढून दिली.

तेव्हापासून पद्माकरच्या बायकोने, नीलाने, एक पथ्य पाळलं होतं. खोटं बोलायचं नाही, फक्त गप्प बसायचं. वेंगुर्ल्यात वाढलेल्या बाईला हे किती जड जातं ते तिचं तिलाच माहीत. महिन्यातून दोन रविवार ती नवरा आणि लेकीसह दिल्लीच्या आयएनए मार्केटमधून मासे घेऊन मुनिरक्याला गिरिजाकडे, म्हणजे मावसबहिणीकडे जायची, तिथेच रांधायची, आणि तिघं हातांना लिंबू चोळून, बडीशेप चघळत परत यायची. सात वर्षांच्या लेकीला, रेवतीला, खोटं बोलायला शिकवायचं नाही म्हणून 'मावशीकडे जेवलो' इथपर्यंतच सांगायला शिकवलं होतं. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं. आता करार महिनाअखेरीला संपत होता, सुमित्राजींनी नव्या करारावर अजून सही केली नव्हती, आणि रेवतीची शाळा समोरच्या रस्त्यावर होती. नीलाचा जीव टांगणीला लागला होता.

अशात सुमित्राजींचं बोलावणं आलं. त्यांच्या घराण्याची मोहरीची शेतं बिल्डरांनी घेतली होती, आणि त्या पैशातून त्यांचा मुलगा गौरव याने हायवेवर चक्क समुद्र काढला होता. समुद्र म्हणजे 'सागरलोक' नावाचं मरीन पार्क. उद्घाटन आठ दिवसांवर आलं होतं. त्याआधी पाहुण्यांना पडद्यामागची सफर घडवायची रंगीत तालीम होती आणि पाहुणे म्हणून भाडेकरू हुकमी होते. नाही म्हणायची सोयच नव्हती.

गौरवने सगळ्यांना गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालायला लावले. साडीवर ते बूट चढवून सुमित्राजी ठाण्यावर निघालेल्या हवालदारासारख्या चालत होत्या. आधी गौरवने समुद्र कसा बनतो ते दाखवलं. एका हौदात दोन माणसं मिठाची पोती रिकामी करत होती. नीलाला ते बघून उगाच भरून आलं. पोत्यातून ओतलेला का होईना, पण हजार मैलांत पहिल्यांदा तिच्या नाकाला खारा वास आला होता.

मग बादशहा. हा परदेशातून आणलेला सी-लायन. पोस्टरवर तो नाकावर चेंडू तोलत होता, इथे मात्र सिमेंटच्या कट्ट्यावर पोट टेकून भिंतीकडे तोंड करून पडला होता. गेले चार दिवस त्याने काही खाल्लं नाही, असं गौरवने पडक्या आवाजात सांगितलं. फोनवर एका तज्ज्ञाने घरची आठवण येत असेल असं निदान केलं होतं. म्हणून त्याच्यासाठी लाटांच्या आवाजाची कॅसेट लावली होती. सुमित्राजींनी भटजी बोलावून ग्रहशांत केली होती. तरी हा ढिम्म. अजून दोन दिवस असंच चाललं तर जनावर हातचं जाईल, असं म्हणताना गौरवचे डोळे पाणावले.

सफरीतला शेवटचा भाग म्हणजे पाहुण्यांनी बादशहाला भरवणं. नोकराने बादली आणून ठेवली. सुमित्राजींनी पदर नाकाला लावला. गौरवने मान फिरवून लांब चिमट्याने एक मासा उचलला आणि रेवतीच्या हातात चिमटा दिला.

बांगडा होता. नीलाला तो बघायच्या आधी वासानेच कळला, आणि वासानेच आणखीही काही कळलं. गप्प बस, तिने स्वतःला बजावलं. करार, सही, शाळा. पद्माकरने तर आधीच तिच्या कोपराला हात लावून ठेवला होता, कारण बायकोची नजर त्याला ओळखीची होती. मासळीबाजारात गंडवू पाहणाऱ्या कोळणीकडे ती असंच बघायची.

बादशहाने मान वळवली, मासा हुंगला आणि नाक मुरडलं. मग त्याने नीलाकडे पाहिलं. इतक्या सगळ्या माणसांत आपलं दुखणं हिला कळतंय हे त्याला समजलं असावं, निदान नीलाला तरी तसंच वाटलं.

तिचा हात आपसूक बादलीत गेला. तिने बांगडा उचलला, अंगठ्याने कल्ले उचकटून पाहिले, पोट दाबलं. बोट लोण्यात जावं तसं आत गेलं. तिने तो बादलीत परत टाकला.

"ये सड़ा हुआ है," ती म्हणाली. "इसे घर की याद नहीं आ रही. ये ताज़ा माँग रहा है."

आणि मग तिला थांबवणं कोणाच्या हातात राहिलं नाही. लाइट कधी गेली होती, तिने विचारलं. मागच्या आठवड्यात दीड दिवस, गौरव म्हणाला. जनरेटर होता, पण त्यावर ऑफिसचे एसी चालवले. सगळं पार्क शाकाहारी, कुणी खोक्यात डोकावलंच नाही. विरघळलेला माल वीज आल्यावर पुन्हा गोठला, झालं. नीलाने पदर खोचला, शीतखोलीतली खोकी उपसायला लावली आणि अगदी कोपऱ्यातल्या, काल आलेल्या खोक्यातून पंचवीस बांगडे निवडून काढले. पहिला बादशहाने हुंगला. दुसरा हवेतच झेलला. विसावा खाल्ल्यावर त्याने अशी आरोळी ठोकली की सुमित्राजी बुटांसकट दोन पावलं मागे गेल्या.

गौरव टाळ्या वाजवत होता. सुमित्राजी मात्र नीलाच्या हातांकडे बघत होत्या.

"तुम्हें ये सब कैसे पता?"

पद्माकर पुढे सरसावला. नीला कॉलेजात बायोलॉजीला होती, असं काहीतरी तो सुरू करणार होता. नीलाने त्याला हाताने थांबवलं. दोन वर्षं गप्प बसली होती, पण तोंडावर विचारल्यावर खोटं बोलणं तिला जमलं नसतं.

"खाती हूँ, आंटीजी. बचपन से."

"और ब्राह्मण?"

"वो भी हूँ."

परतीच्या वाटेवर गाडीत सुमित्राजी पुढच्या सीटवर ताठ बसल्या होत्या. रात्री पद्माकरने वर्तमानपत्रातल्या भाड्याच्या जाहिरातींवर खुणा केल्या. नीलाला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं, पण पश्चात्ताप काही केल्या होईना.

सकाळी बेल वाजली. दारात सुमित्राजी होत्या. एका हातात कराराचा कागद, मागे थर्माकोलचं भलंमोठं खोकं घेतलेला ड्रायव्हर. त्या आत आल्या, खोकं स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवायला लावलं, आणि भिंतीकडे बघत बोलल्या. मुक्या जिवाला उपाशी ठेवण्यापेक्षा मोठं पाप नाही. गौरवला यातलं काही कळत नाही, कळू नये हीच त्यांची इच्छा आहे. तेव्हा दर मंगळवारी माल आधी इथे येईल, नीला तो पास करेल, मग पार्कात जाईल. एवढं म्हणून त्यांनी कागदावर सही केली.

दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. काहीतरी मनात घोळत होतं.

"सिर्फ़ देखकर पता चल जाता है? चखना तो नहीं पड़ता?"

नीलाने खोक्यात पाहिलं. बर्फावर बांगडे पडले होते, डोळे काचेसारखे, कल्ले लालभडक. मग तिने सुमित्राजींच्या नजरेला नजर दिली आणि दोन वर्षांतलं पहिलं खोटं बोलली.

"चखना पड़ता है, आंटीजी. हर बार."

सुमित्राजींनी सुस्कारा सोडला.

"तो खिड़की बंद करके चखना," त्या म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.