ढेकूळ अजून ताईचंच ऐकतो

ढेकूळ म्हणतात मला. हसू येत असेल तर खुशाल हसा. ज्या खेळात मी राहतो, त्याच्या माहितीपुस्तकात माझं नाव भूधर असं दिलंय. समुद्राच्या तळाला खांदा लावून ज्याने जमीन वर काढली, डोंगर रचले, दऱ्या पाडल्या, तो भूधर. साऱ्या खेळात माझ्यासारखा दुसरा प्राणी नाही. आणि ताईने मला पकडलं, नाव विचारणारी चौकट समोर आली, तेव्हा त्या पोरीने जराही विचार न करता लिहिलं, ढेकूळ!

"अगं, एवढा मोठा प्राणी आणि ढेकूळ काय?" तिची धाकटी बहीण ओरडली.

"मग? मातीचाच आहे ना? आणि बघ कसा फुगून बसलाय. ढेकूळच म्हणायचं त्याला."

झालं. तेव्हापासून मी ढेकूळ.

खेळ तसा साधा. रानावनात हिंडायचं, प्राणी पकडायचे, त्यांना वाढवायचं आणि दुसऱ्यांच्या प्राण्यांशी झुंजवायचं. हे सगळं जग मावतं एका कॅसेटमध्ये, बिस्किटाएवढ्या. ती हातातल्या गेममध्ये खोचली की पडदा उजळतो, आणि मला बाहेरची माणसं दिसतात. मुलींचे बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. दोघी भांडतील म्हणून त्यांनी एकाच दिवशी एकाच दुकानातून दोन गेम आणि दोन कॅसेटी आणल्या. त्या तरीही भांडल्या, ती गोष्ट वेगळी. धाकटी एका जागी म्हणून बसायची नाही, म्हणून तिला घरात सगळे भिंगरी म्हणायचे.

मला पकडणं म्हणजे खायचं काम नाही. आधी मला झुंजीत जेरीला आणावं लागतं, मग माझ्यावर पकडायची डबी फेकावी लागते, आणि मी ती फोडून बाहेर येतो. माणसांची एक गंमत मी पाहिली आहे. डबी हलायला लागली की ती श्वास रोखतात आणि बटण इतकं दाबून धरतात की अंगठा पांढरा पडतो. बटण दाबून मला काय होणार? पण धरतात. ताईनेही धरलं. तिच्याजवळची ती शेवटची डबी होती. खरं सांगू? मी आणखी एक धडक मारली असती तर सुटलो असतो. पण ती पोर तोंडातल्या तोंडात "राहा रे, राहा ना रे" असं म्हणत होती. इतक्या आर्जवाने मला आजवर कुणी काही म्हटलं नव्हतं. म्हणून राहिलो.

मग तिने मला डोक्यावर बसवलं. रांगेत कायम पहिला मी. समोर साधा किडा आला तरी ती मलाच पाठवायची. मी पाय आपटला की जमीन हादरायची, किडा कुठल्या कुठे उडायचा आणि दोघी बहिणी बाबांच्या दुकानातल्या बाकावर पोट धरून हसायच्या. "अगं, हळू! इथे माझा हात हलतोय," बाबा डोळ्याला भिंग लावून ओरडायचे. मनात म्हणायचो, कुठे समुद्रातून जमीन वर काढणारा मी आणि कुठे हे किडे चिरडणं! पण सुखात होतो, अगदी मजेत होतो.

नंतर ताई आजारी पडली. दुकानातला बाक सुटला आणि दवाखान्यातली खाट आली. तिच्या उजव्या हाताला सुई लावलेली असायची, तो हात हलवायची सोय नव्हती. मग भिंगरी खाटेवर तिला खेटून बसायची. डावीकडची बटणं ताई दाबायची, उजवीकडची भिंगरी. चालवायचं एकीने, लढवायचं दुसरीने. सुरुवातीला नुसता गोंधळ! मी भिंतीवर जाऊन आपटायचो, ताई म्हणायची पाय आपट, भिंगरी भलतंच दाबायची, आणि आई उसनं रागावून म्हणायची, "काय चाललंय गं तुमचं? नर्स ओरडेल हं." पण हळूहळू दोघींचे हात असे जमले की मला वेगळे ओळखू येईनात.

एका दुपारी ताई म्हणाली, "आता दमले मी. जतन कर." भिंगरीने खेळ जतन केला. मी रांगेत पहिला, एका तळ्याकाठी उभा. पडदा विझला.

त्यानंतर ताईचा हात बटणांवर पुन्हा कधी आला नाही.

कॅसेटीच्या आत अंधार असतो, पण गार नसतं. एक छोटा सेल असतो, आमच्या जगाची आठवण तो धरून ठेवतो. त्याच्या उबेवर मी तळ्याकाठी उभा राहिलो. बाहेर काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही. पण पुढे एके दिवशी पडदा उजळला आणि भिंगरीचा चेहरा दिसला, डोळे सुजलेले. तिने काहीच खेळलं नाही. नुसती माझ्याकडे बघत बसली. तेव्हा मला कळलं. पृथ्वी घडवणाऱ्याला रडता येत नाही, तशी सोयच केलेली नाही. नाहीतर मी रडलो असतो.

त्याच दिवशी पडद्यावर अक्षरं आली, आतला सेल संपत आला आहे. भिंगरीने स्वतःची कॅसेट लावून पाहिली, तिथेही तेच.

बाबांना कितीतरी दिवसांनी काहीतरी करण्यासारखं सापडलं. "एवढंच ना? अगं, हा तर माझा रोजचा धंदा. घड्याळात सेल बदलायचा, वेळ लावायची, घड्याळ पुन्हा चालू. आण इकडे. आधी तुझी करतो, मग ताईची." ते त्या दिवशी पहिल्यांदा नीट जेवले, असं आई म्हणाली. त्यांनी भिंगरीची कॅसेट उघडली, जुना सेल चिमट्याने अलगद काढला, नवा बसवला, कथलाचा डाग देऊन पक्का केला. काम इतकं सफाईचं की बघत राहावं. हसत हसत त्यांनी ती तिच्या हातात दिली.

भिंगरीने ती लावली. आत काहीच नव्हतं. तिचे प्राणी, तिचं नाव, दोन वर्षं हिंडलेलं रान, सगळं पुसलेलं. सेल काढला त्या घडीला तिचं जग सगळं विसरून गेलं होतं. आणि बाबांचा पेचकस तोवर ताईच्या कॅसेटीला, म्हणजे माझ्या छपराला, लागला होता.

"बाबा, नको! काढू नका!" अशी किंकाळी मी कधी ऐकली नव्हती.

बाबांचा हात जागीच थांबला. काय झालं ते समजल्यावर त्यांचा चेहराच उतरला. "मला वाटलं," ते कसंबसं म्हणाले, "मला वाटलं वेळ पुन्हा लावता येईल." मग त्यांनी टेबलावर डोकं टेकलं. आई आली, तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

सेल बदलावा तर ताईचं सगळं जाणार. न बदलावा तरी आज ना उद्या जाणारच. वाट एकच होती. दोन गेम तारेने जोडले की एका कॅसेटीतला प्राणी दुसऱ्या कॅसेटीत पाठवता येतो. पण फुकट नाही. एक द्यायचा तेव्हा एक मिळतो. भिंगरीने आपला खेळ पहिल्यापासून सुरू केला, अदलाबदल करता येईल तिथवर दामटत नेला. आता तिच्याजवळ सुरुवातीला मिळालेला टिपूस नावाचा एक इवलासा प्राणी होता, आणि वाटेत पकडलेले चार-दोन किडे.

"तो किडा दे ना," बाबा म्हणाले. "त्याचं काय जातंय?"

"नाही. टिपूस देणार."

"अगं, पण तुझा लाडका ना तो? आणि तिकडे सगळं पुसलं जाणार आहे, भिंगरे. तोही जाईल."

"माहितेय मला. पण ताईजवळ किडा ठेवायचा? ढेकूळ पण तिकडून निघणार. तिच्याजवळ कुणीतरी चांगलं नको का?"

बाबा आईकडे बघायला लागले. आई म्हणाली, "तिला जे द्यायचंय ते देऊ दे हो."

तारेत मधोमध आमची गाठ पडली. टिपूस नावासारखाच, थेंबाएवढा. त्याने विचारलं, "काका, तिकडे काय आहे हो?" मी डोंगर रचले आहेत, पण त्या पिलाला खरं सांगायची माझी छाती झाली नाही. म्हटलं, "एक तळं आहे. आणि तिथे तुला रांगेत पहिला ठेवणारी एक ताई आहे. जा." तो आनंदाने उड्या मारत गेला.

थोड्याच दिवसांत ताईच्या कॅसेटीचा सेल संपला. बाबांनी तो बदलला नाही. ती कॅसेट ते दुकानात गल्ल्याशेजारी ठेवतात, आणि गिऱ्हाईक नसलं की तिच्यावरची धूळ पुसतात.

मी भिंगरीकडे आलो खरा, पण इथे माझी फजिती सुरू झाली. खेळाचा नियमच असा आहे की दुसऱ्याने पकडलेला बलाढ्य प्राणी नव्या खेळाडूचं ऐकत नाही. तिने खेळातल्या गावोगावच्या उस्तादांना हरवून सगळे बिल्ले मिळवले तरच ऐकतो. भिंगरीजवळ एकही बिल्ला नव्हता. ती म्हणायची, "ढेकूळ, पाय आपट!" मला पाय आपटायचा असायचा हो! पण पडद्यावर अक्षरं उमटायची, ढेकूळ लक्ष देत नाही. ढेकूळ झोपी गेला. समोरचा किडा मला चावून चावून बेजार करायचा आणि मी, भूधर, घोरत पडायचो. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पण पहिल्यांदा हे झालं तेव्हा भिंगरी हसली. ताई गेल्यावर पहिल्यांदा. "बाबा, बघा! अगदी ताईसारखं. शंभर हाका मारा, ऐकायचं म्हणून नाही." बाबाही हसले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

मग ती मला रोज बाहेर काढायची, मुद्दाम. मी ऐकलं नाही की खूश व्हायची. झुंजी ती दुसऱ्या प्राण्यांवर जिंकायची. पोर हुशार. एकेक उस्ताद हरवत गेली, एकेक बिल्ला कमावत गेली, आणि शेवटच्या उस्तादाच्या दारापर्यंत पोचली. तिथे मात्र तिचं पाऊल अडलं. दारापर्यंत जायची आणि माघारी वळायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

बाबांनी एकदा दुकानात विचारलं, "अगं, जा की आत. घाबरलीस काय? तू सहज जिंकशील."

"म्हणूनच नाही जात."

"म्हणजे?"

"हा बिल्ला मिळाला की ढेकूळ माझं ऐकायला लागेल."

"मग चांगलंच आहे की."

भिंगरीने गेम मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "मग ताईचं कोण ऐकणार?"

बाबांनी हातातलं घड्याळ खाली ठेवलं आणि तिला जवळ घेतलं. तेव्हापासून मी त्या दारापुढे उभा आहे.

भिंगरे, तुला माझा आवाज ऐकू येत नाही, तरी बोलतो. माझ्या माहितीच्या पानावर, पकडणाऱ्याच्या जागी ताईचं नाव आहे. कुठलाही बिल्ला ते पुसू शकत नाही, तसा नियमच नाही. आणि तुझ्या खेळातही एक सेल आहे गं. बाबांनी नवा घातलाय, पण तोही कधीतरी संपेल, आणि तोवर मी इथे झोपा काढत राहिलो तर मी तुझ्या काय कामाचा? तू दारातून माघारी वळतेस, मला दिसतं. तू एकटी खेळतेस, तेही दिसतं. दोन्हीकडची बटणं आता तुझेच हात दाबतात, आणि एवढा मोठा मी, तुझ्यासाठी साधा पाय उचलू शकत नाही. ताईचं ऐकून झालंय माझं, पोटभर ऐकून झालंय. आत जा, पोरी. जिंक, आणि मला हाक मार. एकदा तरी मला तुझं ऐकू दे.