जवळ म्हणजे किती

गुडघा निसटला आणि तो पलंगाच्या कडेवरून खाली घसरू लागला. तिने त्याच्या कमरेचा पट्टा दोन्ही मुठींत आवळला, पाय रोवले, दातओठ खाल्ले. पण तिच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा माणूस तो, नुसत्या ओढण्याने थोडाच थांबणार. शेवटी फिजिओच्या मॅडम धावल्या. त्यांनी त्याला काखेत धरून पुन्हा पलंगावर बसवलं.

"लागलं का रे कुठे?" तिने नवऱ्याला विचारलं.

त्याने डोळे उघडले नाहीत. मेंदूतल्या रक्तस्रावाने उजवं अंग नेलं, आणि जाताजाता वाचाही नेली. उजवा हात गळ्यातल्या पट्टीत निपचित पडला होता.

"दुपारी मोठे डॉक्टर येतील," मॅडम म्हणाल्या. "त्यांच्यासमोर तुम्ही एकटीने यांना पलंगावरून चाकाच्या खुर्चीत बसवायचं. मला हात लावता येणार नाही."

"आणि नाही जमलं तर?"

मॅडम पट्टा सरळ करत राहिल्या. "ताई, घरी उचलणाऱ्या तुम्ही एकट्या. असे पडलात तर दोघंही जायबंदी व्हाल. तिकडच्या पुनर्वसन केंद्रात यांच्यासाठी जागा झालीय. उद्या सकाळी गाडी जातेय."

तिकडचं केंद्र म्हणजे दिवसभराचा प्रवास. घरी तीन वर्षांची लेक आणि गुडघ्यांनी अधू झालेली सासू. ती कधी जाणार, किती दिवसांनी जाणार? तिथे त्याला ओळखणारं कुणी नसेल, आणि त्याला स्वतःचं नावही सांगता येणार नाही. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. 'अख्ख्या गावाला मी वर चढवतो आणि घरी येऊन तुझ्यापुढे खाली मान घालतो,' म्हणून हसायचा. आता खाली घातलेली मान वर करायलाही त्याला वेळ लागत होता.

बाहेरच्या बाकावर सासूबाई बसल्या होत्या. मांडीवर लेक, चिमणी, पेंगुळलेली.

"काय गं, जमलं?"

"नाही."

"जमेल. कृपा पुरून उरते प्रभूची."

"मग कृपेला सांगा दुपारी यायला. एका बाजूने ती धरेल, एका बाजूने मी."

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. "यायला ती गेलीय कुठे?"

"चर्चच्या मंडळीतली माणसंही येऊन हेच सांगून जातात. प्रभू जवळ आहे, प्रभू जवळ आहे." तिचा आवाज फाटला. "जवळ म्हणजे किती जवळ, आई? या बाकापासून त्या दारापर्यंत? माझ्या तर हाताला काही लागत नाही."

 सासूबाई नातीच्या पायातला निघालेला मोजा नीट चढवत बसल्या.

ती बाथरूममध्ये गेली. कडी लावली, नळ सोडला, आणि भिंतीच्या थंड फरशीला कपाळ टेकून उभी राहिली. चाल दे, बोल दे, पहिल्यासारखा करून दे, असं सगळं मागून झालं होतं. मागणं कमी करत करत ती आता इथवर आली होती. 'त्याला चालव असं म्हणत नाही. बोलतं कर असंही नाही. पलंगापासून खुर्चीपर्यंत, एवढंच. तेवढं बळ दे. एवढंही तुझ्याकडून होत नसेल तर तसं सांग, मी पुन्हा विचारणार नाही.' नळ वाहत राहिला. बाहेरून कुणीतरी दार ठोठावलं, "अहो, आटपा." तिने तोंड धुतलं.

परतली तेव्हा सासूबाईंच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. तिने चिमणीला त्यांच्या मांडीवरून उचललं. झोपेतलं मूल, धोंड्यासारखं जड. मान खांद्यावर, पोट पोटाला. उचललं आणि निघाली खिडकीकडे.

मॅडम दारातून बघत होत्या.

"हिला कसं उचललंत?"

"कसं म्हणजे? असंच."

"असंच ना? हात लांब करून, अंग मागे ओढून तर नाही? मग नवऱ्याला का तसं धरता? सकाळपासून बघतेय, गरम पातेलं धरावं तसं धरता. सांडेल, भाजेल."

 खरं होतं ते. आजारपणानंतर त्या एका बाजूला ओघळलेल्या चेहऱ्याजवळ आपला चेहरा न्यायचं तिने टाळलं होतं. अंग पुसलं, भरवलं, कपडे बदलले. सगळं हाताच्या अंतरावरून. जवळ गेलं तर आपल्यालाच हुंदका फुटेल आणि मग आवरणार नाही, ही भीती.

"दोन हातांच्या अंतरावर तो डोंगर आहे," मॅडम म्हणाल्या. "छातीशी आला की माणूस होतो."

मोठे डॉक्टर आले आणि पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले. त्यांच्या मागच्या रांगेतही रुग्ण वाट बघत होते. मॅडम हाताची घडी घालून खिडकीपाशी गेल्या. "करा," डॉक्टर म्हणाले.

तिने खुर्चीचे ब्रेक लावले. आपल्या गुडघ्यांनी त्याचा लुळा गुडघा अडवला. त्याचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर ठेवला. मग वाकली, पट्टा धरला, आणि त्याला अगदी जवळ घेतलं. त्याची हनुवटी तिच्या खांद्यावर टेकली. औषधांच्या वासाखाली त्याचा जुना वास होता. एक-दोन-तीन म्हणायचं होतं. तिला आकडे आठवेनात. पाय थरथरले, कंबर मोडतेय असं वाटलं, आणि आता दोघं जाणार खाली, हे तिला स्पष्ट कळलं.

तेव्हाच पाठीला हात लागला. कंबरेच्या जरा वर, पूर्ण पंजा, पसरलेला. ढकलत नव्हता, उचलत नव्हता. नुसता होता.

तिने त्या हातावर भार टाकला. ती मागे रेलली तसा नवरा उठला, वळला, आणि खुर्चीत बसला.

 धाप थांबेपर्यंत ती दांडा धरून उभी राहिली. मग म्हणाली, "हे मोजू नका, डॉक्टर. मॅडमनी मला मागून धरलं."

"मी?" खिडकीपाशी मॅडम तशाच उभ्या होत्या, हाताची घडी घातलेली.

"कुणीही हात लावलेला नाही, बाई," डॉक्टर म्हणाले. "मी इथेच आहे."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या डाव्या हाताने दांडा अजून पकडलेला होता, बोटांची पेरं पांढरी पडलेली. उजवा हात पट्टीत, होता तसा. मागे फक्त भिंत होती, तीही दोन पावलं लांब.

"पुन्हा करते," ती म्हणाली. "उलटं. खुर्चीतून पलंगावर. घरी मागे कोण असणार आहे माझ्या?"

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं आणि मान हलवली.

या वेळी पाठीला काहीच लागलं नाही. सगळा भार तिचा होता, सगळा थरकाप तिचा. घाम डोळ्यांत उतरला. ती रडत होती का, तिलाही सांगता आलं नसतं. पण तिने अंतर पडू दिलं नाही. आणि मध्येच, त्याचा धड असलेला पाय जमीन रेटतोय, हे तिला मांडीतून समजलं. गालाला गाल लागला होता. त्याचा गाल ओला होता.

तो पलंगावर बसला.

"गाडीला नाही म्हणून कळवा," डॉक्टर मॅडमना म्हणाले आणि पुढच्या पलंगाकडे वळले.

सासूबाई आत आल्या, एका हाताने चिमणीचं बोट धरून. चिमणी बाबाच्या पलंगावर चढायला लागली. सासूबाईंनी सुनेकडे नीट पाहिलं. 'बघ, मी म्हटलं नव्हतं?' असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

"पाठ भरून आली असेल तुझी. बस इकडे." आणि त्यांनी तिच्या कंबरेला हात लावला. "इथे?"

"थोडं वर."

हात वर सरकला.

"इथे दुखतंय?"

"नाही, आई." ती समोर बघत राहिली. चिमणी बाबाच्या मांडीवर बसून त्याच्या गळ्यातल्या पट्टीची गाठ उकलू पाहत होती. "दुखत नाहीये. राहू द्या तिथेच थोडा वेळ."

सासूबाईंनी का ते विचारलं नाही. हातही काढला नाही.