पिवळ्या उजेडातला तास

लेसर अखेर स्थिर झाला, तेव्हा पहिल्या वर्षाच्या तासाची वेळ झालीच होती. मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

कित्येक आठवडे या लेसरने त्यांच्या नाकी नऊ आणले होते. छोट्याशा भट्टीत तापवलेली काचेची नळी, तिच्यात सोडियमची वाफ आणि वाफेतून जाणारा पिवळा किरण. किरणाचा रंग नेमका जुळला की वाफ उजळायची, केसभर सरकला की विझायची. त्या उजेडावरून अणूच्या आतलं जग मोजायचं, हे मॅडमचं संशोधन. घरी जेवताना नवरा विचारायचा, "काय म्हणते माझी सवत?" सवत बायकोला असते, नवऱ्याला नव्हे, हे सांगून सांगून त्या थकल्या होत्या.

"मॅडम, आता जाऊ नका ना," त्यांच्याकडे पीएचडी करणारी मुलगी रडवेली झाली. "संध्याकाळपर्यंत असाच राहिला तर माझं सगळं मोजून होईल."

"आणि तास?"

"रद्द करा. त्यांना तरी कुठे हवाय?"

हे मात्र मॅडमना लागलं, कारण ते खोटं नव्हतं. मागच्या तासाला एका विद्यार्थिनीने विचारलं होतं, "मॅडम, हा रंग आपला, तो परका, हे अणूला कळतं कसं?" मॅडमनी उत्तरादाखल फळ्यावर समीकरण लिहिलं. तिने ते निमूटपणे उतरवून घेतलं. तो निमूटपणा तेव्हापासून मॅडमच्या मनात सलत होता.

"तास इथेच घेऊ," त्या म्हणाल्या.

"इथे? एवढी सगळी?"

"मावतील."

मुलं चपला-बूट काढून, किरण उसळून डोळ्यांत जाऊ नये म्हणून घड्याळं-अंगठ्या खिशात टाकून दबकत आत आली. किरणाच्या पातळीला कुणीही डोळे न्यायचे नाहीत, असं मॅडमनी बजावलं आणि दिवे मालवले.

अंधारात फक्त एक पिवळा धागा उरला, कशालाही न टांगलेला. त्याच्या उजेडात स्वेटरांचे रंग गळून गेले, चेहरे जुन्या फोटोतल्यासारखे झाले. रोज जांभया देणारी मुलं हीच का, असा मॅडमना प्रश्न पडला. पाळण्यात बाळ निजलंय अशा आवाजात कुणीतरी म्हणालं, "केवढा शांत आहे हा!"

आणि धागा विझला.

इतक्या जणांच्या श्वासांनी खोली गरम झाली होती. लेसरचा रंग केसभर सरकला होता.

"झालं! गेली माझी दुपार," पीएचडीवाली पुटपुटली. मॅडमच्याही जिभेवर चार शब्द आले होते, पण रंग जुळवायच्या बटणाशेजारी नेमकी तीच, प्रश्न विचारणारी मुलगी उभी होती, चोरी पकडल्यासारखी.

"इकडे ये. हे फिरव. अगदी हळू, झोपलेल्याच्या अंगावरचं पांघरूण काढावं तसं."

ती श्वास रोखून फिरवत राहिली. काहीच नाही. मग एकदम लख्ख, आणि पुन्हा अंधार.

"गेला!" सगळा वर्ग ओरडला. "मागे घे, मागे!"

धागा परत आला.

"अणूला कळत बिळत काही नाही गं," मॅडम अंधारातच बोलू लागल्या. त्यांना फळ्याची आठवणही झाली नाही. "झोक्याला वेळ साधून धक्का दिला तर तो चढतो. नाहीतर आपलेच हात दुखतात. बाकीचे रंग असेच वाया जातात. याची वेळ मात्र जुळते."

"म्हणजे अणू आत झोका घेतोय?"

"आत्ता, तुझ्यासमोर."

मग प्रत्येकाला बटण फिरवायचं होतं. धागा विझत होता, उजळत होता. तासाची घंटा झाली, कुणी हललं नाही. पीएचडीवालीने बराच वेळ गाल फुगवून घेतले होते. शेवटी एका मुलाने बटण फारच आवळून पिरगळलं, तेव्हा तिनेच त्याचा हात धरला. "अरे, असं नाही. बोटं सैल सोड."

त्या दिवशी काहीच मोजून झालं नाही. पुढे खोली गार असताना, भल्या सकाळी पीएचडीवालीने सगळं मोजलं आणि ते चांगलंच निघालं.

मॅडम मात्र तास संपल्यावर बाहेर पायऱ्यांवर आल्या आणि थबकल्या. कुणाची तरी लाल सायकल, हिरवं गवत, निळी बादली, सगळे रंग एकदम अंगावर आले. आपण कुठे निघालो होतो ते त्यांना आठवेना. आठवायची घाईही वाटेना. त्या तिथेच, उन्हात, पायरीवर बसल्या.